मोठ्या दाण्याचा जीन सापडला, मग उत्पन्न का वाढत नाही?

तुमचा प्रश्न असा की भातात दाण्याचा आकार ठरवणारे जीएस३ आणि जीडब्ल्यू२ हे जीन सापडले, मग तेच सोयाबीन-गव्हात बदलून शेतकऱ्याला भरघोस पीक का देत नाहीत. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून इंदुरात सून म्हणून आले. सांवेरच्या आमच्या शेतावरून हा प्रश्न मला वीस वर्षं ऐकू येतोय, धाकट्या दिरांच्या तोंडून. फक्त त्यांच्या लेखी तो प्रश्न नसतो, निकाल असतो. दाणा मोठा म्हणजे पीक मोठं, विषय संपला.

हे दोन्ही जीन दाणा वाढवणारे नाहीत, आवरून धरणारे आहेत. भाताचा दाणा तुसाच्या मापाबाहेर वाढू शकत नाही, आणि जीडब्ल्यू२ तुसातल्या पेशी फार वाढू देत नाही. तो बिघडला की तूस रुंद होतं, दाणाही रुंद. जीएस३ बिघडला की दाणा लांब. बासमतीत तो बिघडलेलाच आहे, आणि जुन्या बासमतीचा एकरी उतारा कौतुकाने सांगण्यासारखा कधीच नव्हता. २००७ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी जीडब्ल्यू२ची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या भातात दाण्याचं वजन जवळजवळ ५० टक्के वाढलं होतं, पण झाडामागचं उत्पन्न २० टक्क्यांच्या आसपासच. बाकीचं कुठे गेलं? लोंबीतले दाणे कमी झाले. झाडाच्या घरात येणारी साखर तेवढीच, खाणारी तोंडं कमी केली तर प्रत्येकाच्या पानात जास्त पडते, एवढंच. सोयाबीनमध्ये हेच उलट बाजूने दिसतं: अरुंद पानांच्या झाडाला चार दाण्यांच्या शेंगा जास्त लागतात, दोन्ही एकाच जीनची करामत, आणि दाणा मात्र सहसा बारीक.

हे सगळं मी भावजींना सांगितलंय. सहा-सात वर्षांपूर्वी जूनच्या एका रविवारी ते सोयाबीनचं मूठभर बियाणं घेऊन आले आणि पोह्यांची ताटली सारून टेबलावर ओतलं. "वहिनी, बघा. मोती आहेत मोती. एकदम बोल्ड!" कोणाकडून घेतलं ते लिहीत नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. त्यांचे १०० दाणे १५ ग्रॅम भरले, आमच्या घरच्या जेएस ३३५ या सोयाबीनच्या जुन्या वाणाचे साडेदहा. भावजी खूश. मी म्हटलं, आता गणित करा. एकराला तुम्ही दोन्हीचं ३० किलोच पेरणार. म्हणजे तुमचे दाणे दोन लाख, घरचे पावणेतीन लाखांच्या वर. मग दोन्हीचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी घरचे ८१ उगवले होते, मोत्यांचे ५८. बियाण्याला किमान ७० टक्के उगवण हवी. ४५ सेंटिमीटरच्या ओळी आणि रोपांत ५ सेंटिमीटर धरले तर एकरी पावणेदोन लाखांच्या वर रोपं लागतात. त्यांच्या हिशेबात सव्वा लाखसुद्धा होत नव्हती.

"पुस्तकी गोष्टी," भावजी म्हणाले. ह्यांनी नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला, एक एकर मोत्यांचं, एक एकर घरचं. मोत्यांच्या एकरात ऑगस्टपर्यंत पिकापेक्षा तण जास्त होतं. घरच्याचे सहा क्विंटल झाले, मोत्यांचे चारही नाहीत. मंडीत तरी बोल्ड दाण्याला जास्त भाव मिळेल असं भावजींना वाटत होतं, पण तिथे ओलावा, कचरा आणि डागी दाणे बघितले गेले. त्यांनी दोष पावसाला दिला आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलले.

तुम्ही शेती करत असाल तर जीन शोधायच्या आधी १०० दाणे तोला आणि बियाणं किलोवर नाही, संख्येवर पेरा. घरात कोणी ऐकत नसेल तर त्यांच्यासमोरच तोला, आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे तो अजून आहे.

आता खरं सांगायचं तर त्या वर्षीचा दोष जीनचा नव्हताच. टपोरा सोयाबीन थ्रेशरमध्ये लवकर तडकतो, साल फुटली की उगवण गेली. नीट मळलेलं, नीट साठवलेलं बोल्ड बियाणं असतं आणि वजन वाढवून पेरलं असतं तर कदाचित बरोबरी झाली असती. शिवाय मोत्यांचं एकर नाल्याकडचं, तिथे पाणी थांबतं. आणि आकारावर एकदोन नाही, बरेच जीन काम करतात, काही दाणा वाढवतानाही संख्या फारशी घटवत नाहीत. त्यांच्याच मागे शास्त्रज्ञ आहेत.

गेल्या जूनमध्ये भावजींचा फोन आला. "वहिनी, ते गोणपाटात किती दाणे ठेवायचे म्हणालात?" मी म्हटलं, चारशे. प्रयोगशाळेत तेवढेच लावतात. मी तेव्हा शंभरच लावले होते, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही, आणि मी आठवण करून दिलेली नाही.