तीन वर्षांत इंजिनियर? जर्मनीतले प्राध्यापक का अडून बसले होते

प्रश्न : मुलगी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे जर्मनीला जायचं डोक्यात आहे. ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तिला मास्टर्सऐवजी 'डिप्लोम' असं काहीतरी दिसलं. घरात सगळे विचारतायत की बीई झाल्यावर डिप्लोमा कशाला? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी घरच्यांना सांगा की हा आपला दहावीनंतरचा पॉलिटेक्निकवाला डिप्लोमा नाही. युनिव्हर्सिटीचं डिप्लोम म्हणजे सलग पाच वर्षांची इंजिनियरिंग डिग्री, दर्जा मास्टर्सचा.

आता हे तिथे अजून का उरलंय, तर त्यामागे मोठं भांडण आहे. १८९९ मध्ये कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म याने प्रशिया या जर्मन राज्यातल्या टेक्निकल कॉलेजांना डिप्लोम-इंजिनियर आणि इंजिनियरिंगची डॉक्टरेट देण्याचा हक्क दिला. त्याआधी जुन्या युनिव्हर्सिट्या या कॉलेजांकडे जरा नाक मुरडूनच बघायच्या, त्यामुळे ही पदवी त्यांच्यासाठी नुसता कागद नव्हता, झगडून मिळवलेला मान होता. मग जून १९९९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला युरोपातल्या २९ देशांनी जाहीरनामा केला की सगळीकडे डिग्र्यांची रचना सारखी करू, आधी बॅचलर (जर्मनीत साधारण तीन वर्षांचं) मग मास्टर, क्रेडिट म्हणजे केलेल्या अभ्यासाची मोजणी इकडून तिकडे नेता आली पाहिजे, आणि २०१० पर्यंत हे उरकायचं. जर्मन सरकारला हे सोयीचंच होतं, कारण डिप्लोम कागदावर पाच वर्षांचं असलं तरी पोरं सहा-सहा वर्षं रेंगाळायची आणि मध्येच सोडलं तर हातात काहीच नाही.

इथे टेक्निकल युनिव्हर्सिट्या अडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, तीन वर्षांत गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, मटेरियल हा पायाच जेमतेम होतो, मशीन डिझाइन करायला कधी शिकवायचं? आणि सरकार म्हणतंय की बॅचलर झालेला पोरगा नोकरीला तयार असला पाहिजे. मला विचाराल तर या मुद्द्यावर प्राध्यापक बरोबर होते. युनिव्हर्सिटीतून इंजिनियरिंगचं बॅचलर केलेले बहुतेक जण थेट मास्टर्सलाच जातात, म्हणजे पाच वर्षं होती ती पाचच राहिली, फक्त मध्ये एक दार बसवलं आणि त्या दारातून फारसं कुणी बाहेर पडत नाही.

पण विरोधाचा दुसरा भाग निव्वळ नावाचा होता, आणि तिथे मला त्यांचं तेवढं पटत नाही. आखेन, म्युनिक, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह वगैरे नऊ मोठ्या टेक्निकल युनिव्हर्सिट्यांचा 'टीयू नाइन' नावाचा गट आहे, तो २०१० च्या सुमारास मागणी करत होता की मास्टर्स झालेल्याला डिप्लोम-इंजिनियर ही पदवी द्या, कारण जगात हा ब्रँड आहे. ऑस्ट्रियाने हे आधीच गुपचूप करून टाकलं होतं, रचना बोलोन्याची घेतली आणि इंजिनियरिंगच्या मास्टर्सला नाव डिप्लोम-इंजिनियरच ठेवलं, विषय संपला. जर्मनीत शिक्षण राज्यांच्या हातात, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने कायदा बदलून डिप्लोमला परत वाट करून दिली आणि सॅक्सनी राज्यात, म्हणजे तुमच्या मुलीचं ड्रेस्डेन जिथे आहे तिथे, मेकॅनिकलसारख्या शाखांत ते चालूच राहिलं. गंमत म्हणजे ते आता बोलोन्याच्याच क्रेडिटमध्ये मोजतात, १० सेमिस्टर, ३०० क्रेडिट, म्हणजे बॅचलरचे १८० अधिक मास्टर्सचे १२० बरोबर तेवढेच!

मुलीसाठी कामाची गोष्ट : हा कोर्स मुख्यतः जर्मनमधून शिकवतात. बीईवाल्यांना पहिल्यापासून सगळं करावं लागू नये म्हणून वेगळा पुढचा टप्पाही असतो, तिने त्याचे नियम युनिव्हर्सिटीकडूनच विचारून घ्यावेत. जर्मन नीट येत नसेल तर इंग्रजीतलं मास्टर्स बघा, उगाच डिप्लोमच्या दरार्‍यापायी अडकू नका, नोकरीत दोन्ही चालतात.

प्रश्न : प्राध्यापकांचं कळलं, पण २००९ मध्ये तिकडे विद्यार्थीच रस्त्यावर उतरले होते ना? त्यांना तर लवकर डिग्री मिळणार होती, मग प्रॉब्लेम काय? – सेकंड इयर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मित्रा, प्रॉब्लेम मार्कांचा होता, बाकी फी वगैरे होतंच. जुन्या पद्धतीत पहिली दोन वर्षं झाली की फोरडिप्लोम नावाची परीक्षा, ती पास व्हायची, पण सहसा तिचे मार्क शेवटच्या डिग्रीत धरत नसत. म्हणजे पहिल्या वर्षी गडगडलास तरी पुढे सावरायला जागा होती. बॅचलर आलं आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या सेमिस्टरपासूनचे पेपर फायनल ग्रेडमध्ये, वर पाच वर्षांच्या सिलॅबसमधलं जमेल तेवढं तीन वर्षांत कोंबलेलं, आणि मास्टर्सला सीट मिळेल का ही धाकधूक वेगळी. दुसर्‍या देशात एक सेमिस्टर करून येणं सोपं व्हावं हा सुधारणेचा मोठा हेतू होता, आणि टाइमटेबल एवढं ठासलेलं की पोरांना जायला फुरसतच नाही. आंदोलनानंतर मंत्र्यांनी परीक्षा कमी करू, रचना सैल करू असं मान्य केलं. तुला हे सगळं ओळखीचं वाटत असेल, आपल्याकडे एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड) पहिल्या सेमपासून मोजतातच, फक्त आपण त्यासाठी रस्त्यावर येत नाही.

प्रश्न : नवीन शैक्षणिक धोरणातली मल्टिपल एक्झिट इंजिनियरिंगला चालेल का? – निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : सर, २०२० च्या धोरणात एक वर्षाला सर्टिफिकेट, दोनला डिप्लोमा, तीनला डिग्री असं आहे. घरच्या अडचणीने शिक्षण सोडावं लागणार्‍या पोरासाठी हे चांगलंच, रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं. पण दोन वर्षांनी बाहेर पडलेल्याला कंपनी कुठल्या पोस्टवर घेणार, पॉलिटेक्निकवाल्याच्या वर की खाली, हे आधी ठरायला हवं. पॉलिटेक्निकवाला निदान वर्कशॉपमध्ये हात काळे करून आलेला असतो, आपल्या बीईच्या पहिल्या दोन वर्षांत तेवढं प्रॅक्टिकल कुठे असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.