करिअर मार्गदर्शन : बारा ‘फेल’ अहवाल आणि एक पर्ल मॉड्यूल

इंदूरच्या रामबाग भागातून गणिताच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या छापण्यासाठी तिने पर्ल भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. आकड्यात लिहिलेली रक्कम तो ‘अक्षरी रुपये’ या ओळीत मराठीत उतरवून देतो. पुढे तिने त्याचेच मॉड्यूल, म्हणजे इतरांनाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असे तयार पुडके, केले आणि ते सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक संग्रहावर चढवले. दोन दिवसांत निरनिराळ्या देशांतील यंत्रांकडून बारा अहवाल आले आणि बाराही ‘फेल’ निघाले. त्या रात्री मुलगी जेवली नाही. आई विचारतात की पर्ल ही मेलेली भाषा आहे असे सगळे सांगत असताना, प्लेसमेंटचे वर्ष तोंडावर आलेले असताना, फुकटच्या आणि वर नापास करणाऱ्या या कामात तिने वेळ घालवावा का. आणि परक्या लोकांशी असा पत्रव्यवहार सुरक्षित आहे का.

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण शिक्षिका आहात, त्यामुळे ‘फेल’ हा शब्द वाचताच आपल्या डोळ्यांसमोर गुणपत्रिका आली असणार. येथे त्याचा अर्थ वेगळा आहे. सीपॅनवर एखादे मॉड्यूल आले की जगभरातील स्वयंसेवकांनी लावून ठेवलेली यंत्रे ते आपोआप उतरवून घेतात, आपल्याकडे बसवून पाहतात, लेखकाने स्वतःच लिहून दिलेल्या चाचण्या चालवतात आणि निकाल कळवतात. प्रत्येक अहवालात त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, पर्लची आवृत्ती आणि चाचणी जिथे अडली तिथला संपूर्ण मजकूर असतो. हा निकाल मुलीचा नसून तिने बांधलेल्या पुडक्याचा आहे. अशी तपासणी करून घ्यायला कंपन्या माणसे नेमतात. आपल्या मुलीला ती फुकट आणि दोन दिवसांत मिळाली.

आपण अहवालातली जी ओळ पत्रात उतरवून पाठवली आहे, तिच्यात ‘शब्दांची फाइल सापडत नाही’ अशा अर्थाचा मजकूर आहे, आणि बाराही यंत्रे तेच सांगत आहेत. त्यावरून दोष बहुधा कुठे आहे हे इथे बसूनही सांगता येते. काही यंत्रांवर पास आणि काहींवर फेल असा निकाल आला असता, तर पर्लची जुनी आवृत्ती, वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम किंवा जाहीर न केलेले एखादे पूरक मॉड्यूल, यांपैकी कशाचा तरी संशय घ्यावा लागला असता. सगळीकडे एकच रडगाणे असेल तर गाठोडे बांधतानाच काहीतरी घरी राहिले आहे. मॉड्यूलच्या पुडक्यात मॅनिफेस्ट नावाची एक यादी असते आणि त्या यादीत ज्या फाइलींची नावे असतात तेवढ्याच पुडक्यात जातात. मुलीने शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द वेगळ्या फाइलीत ठेवले असतील आणि ती फाइल यादीत लिहायची राहिली असेल, तर तिच्या लॅपटॉपवर फाइल शेजारीच असल्यामुळे चाचणी प्रत्येक वेळी पास होईल, आणि बाकी साऱ्या जगात नापास. मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे प्रोग्रामिंगची नोकरी केली आहे आणि हीच चूक मीही केली होती. फरक इतकाच की माझी चूक ग्राहकाच्या कार्यालयात, ग्राहकासमोर उघडी पडली.

उपाय सोपा आहे. ‘मेक मॅनिफेस्ट’ ही आज्ञा यादी नव्याने तयार करते आणि ‘मेक डिस्टटेस्ट’ ही आज्ञा पाठवायच्या पुडक्यात जेवढ्या फाइली जाणार तेवढ्याच एका वेगळ्या फोल्डरात मांडून तिथे चाचण्या चालवते, म्हणजे जे परक्या यंत्रावर घडणार ते आधी घरीच दिसते. शंभर शब्दांसाठी वेगळी फाइल ठेवण्यापेक्षा ते मॉड्यूलच्या आतच लिहावेत, असे माझे मत आहे. दुरुस्ती झाल्यावर तीच ०.०१ आवृत्ती पुन्हा चढवता येणार नाही, कारण पॉज हा सीपॅनचा सर्व्हर एकदा आलेल्या नावाची फाइल दुसऱ्यांदा स्वीकारत नाही. आवृत्ती ०.०२ करावी लागेल, आणि काय बदलले ते ‘चेंजेस’ या फाइलीत सरळ भाषेत लिहावे लागेल. अजून धाकधूक वाटत असेल तर फाइलीच्या नावात आवृत्तीपुढे ‘ट्रायल’ असे जोडून चढवता येते. अशी आवृत्ती सर्वसाधारण वापरणाऱ्यांच्या अनुक्रमणिकेत येत नाही, पण तपासणारी यंत्रे ती घेऊ शकतात.

आवृत्तीच्या आकड्याबद्दल आपल्यासारख्या गणिताच्या शिक्षिकेला गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. पर्लमध्ये साधा आवृत्ती क्रमांक हा दशांश अपूर्णांक म्हणूनच वाचला जातो. उत्साही मुले ०.८, ०.९ नंतर सहज ०.१० लिहितात आणि पर्लच्या दृष्टीने ते नऊ दशांशावरून एक दशांशावर, म्हणजे मागे, आलेले असतात. सुरुवातीपासून दशांश चिन्हापुढे दोन आकडे ठेवले की हा घोळ होत नाही.

आता भाषेबद्दल. लॅरी वॉल यांनी पर्ल १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, पाचवी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि सीपॅन १९९५ पासून चालू आहे. आज त्या संग्रहात दोन लाखांहून अधिक मॉड्यूल आहेत आणि भाषेच्या नव्या आवृत्त्याही निघत आहेत, तेव्हा मेलेली म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्या असोत किंवा पुण्या-बंगळूरच्या, महाविद्यालयात येऊन मुले निवडताना त्या जावा, पायथन, सी प्लस प्लस आणि एसक्यूएल विचारतात. केवळ पर्ल येते म्हणून नवख्याला उमेदवारी मिळण्याचे दिवस मागे पडले आहेत. पर्लची कामे प्रामुख्याने जुन्या, मोठ्या आणि बंद करता न येणाऱ्या प्रणालींमध्ये आहेत, आणि तिथे अनुभवी माणूस हवा असतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र एक बाब वेगळी आहे. आपण लिहिता, ‘इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी, तिला हे कशाला हवे?’ चिप डिझाइनच्या क्षेत्रात रोजच्या कामाला लागणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, टीसीएल ही दुसरी एक भाषा आणि पर्ल यांत लिहिण्याची परंपरा जुनी आहे, आणि पायथन आल्यानंतरही ती पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. सिम्युलेशनचे, म्हणजे संगणकावरच्या आभासी चाचणीचे, हजारो ओळींचे लॉग (नोंदी) चाळून त्यातून चुका वेगळ्या काढणे हे त्या क्षेत्रातल्या नवख्या अभियंत्याच्या वाट्याला पहिल्या महिन्यापासून येणारे काम आहे आणि पर्ल त्यासाठीच नावाजलेली आहे. व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेतील मजकूर वाचण्यासाठीची मॉड्यूलसुद्धा सीपॅनवर आहेत. मुलीला व्हीएलएसआयकडे, म्हणजे चिप डिझाइनकडे, जायचे असेल तर तिची ही आवड तिच्या शाखेला धरूनच आहे. ही कामे बंगळूर, हैदराबाद आणि नोएडाकडे अधिक आहेत, हे मात्र घरात आतापासून बोलून ठेवावे.

ती त्या क्षेत्राकडे गेली नाही तरी या खटपटीतून जे हाती लागेल ते पर्लपुरते राहत नाही. मॉड्यूल नीट बांधायचे म्हणजे लिब फोल्डरात कोड, टी फोल्डरात चाचण्या, मेकफाइल डॉट पीएल या बांधणीच्या फाइलीत कोणकोणती मॉड्यूल लागतात आणि पर्लची किमान आवृत्ती कोणती याची जाहीर नोंद, पॉड या पर्लच्या लेखनपद्धतीत माहितीपत्रक आणि त्यात चालवून पाहता येईल असे एक उदाहरण, एवढे सगळे करावे लागते. किमान आवृत्तीची नोंद किती महत्त्वाची आहे, याचा एक नमुना सांगतो. फंक्शनच्या कंसातच त्याला दिल्या जाणाऱ्या मूल्यांची नावे लिहिण्याची सोय पर्ल ५.२० मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि ५.३६ मध्ये पक्की झाली. मुलीने ती वापरली आणि तसे जाहीर केले नाही, तर जुन्या पर्लवर चालणारी यंत्रे ‘फेल’ म्हणतील. जाहीर केले तर तीच यंत्रे ‘लागू नाही’ अशी नोंद करून पुढे जातील. पायथनच्या पायपीआय संग्रहावर एखादे पॅकेज चढवताना नावे बदलतात, फाइलींची रचना बदलते, पण अवलंबित्वे, म्हणजे इतर कोणती पॅकेजे लागतात ते, जाहीर करणे, आवृत्ती वाढवणे आणि चाचणी परक्या जागी चालवणे यांतून तिथेही सुटका नसते. हे आपल्याकडच्या अभ्यासक्रमात क्वचितच शिकवले जाते. प्रात्यक्षिकाच्या वहीतला प्रोग्राम परीक्षकाच्या सहीनंतर कोणी पुन्हा चालवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की हे मॉड्यूल तिने टाकून देऊ नये, पण दुसरे नवे काढण्याची घाईही करू नये. सहाव्या सत्राची परीक्षा होईपर्यंत आठवड्याला तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ त्याला देऊ नये आणि तेवढ्या वेळात आवृत्ती ०.०२ स्वच्छ करावी. सुट्टीत सर्व प्रकारच्या यंत्रांवर पास आणणे हे एकच उद्दिष्ट ठेवावे. बाकीचा वेळ पायथन, एसक्यूएल आणि तिच्या शाखेचे विषय यांना द्यावा. पुढे हौस टिकली तर दुसऱ्याच्या एखाद्या जुन्या, वापरात असलेल्या मॉड्यूलची दुरुस्ती करून पाठवावी, कारण स्वतःचे लिहिण्यापेक्षा परक्याचा कोड वाचून त्यात कमीत कमी बदल करणे ही नोकरीतली खरी परीक्षा असते. अशा कामाची उणीव नाही. २०१७ मध्ये पर्ल ५.२६ ने सुरक्षेच्या कारणासाठी मॉड्यूल शोधायच्या जागांच्या यादीत चालू फोल्डर आपोआप घेणे बंद केले, तेव्हा त्या सवयीवर विसंबलेली कितीतरी जुनी मॉड्यूल बसेनाशी झाली आणि त्यांतली काही नुसती एक ओळ बदलून पुन्हा चालू करता आली.

बायोडेटात ‘पर्ल येते’ एवढेच लिहिले तर कोणी थांबून वाचणार नाही. मॉड्यूल प्रसिद्ध केले, पहिल्या आवृत्तीवर बारा यंत्रांनी दोष दाखवला, तो अमुक कारणाने होता, अमुक दिवसांत दुरुस्त केला, असे दोन ओळींत लिहावे आणि दुवा द्यावा. मुलाखतीत ‘तुमची एखादी चूक सांगा’ असा प्रश्न हमखास येतो आणि मुले पाठ केलेले उत्तर देतात. आपल्या मुलीकडे खरे आणि कोणालाही तपासून पाहता येईल असे उत्तर आहे.

‘फुकट’ या आक्षेपाबद्दल एवढेच की पर्लची बहुतेक मॉड्यूल पर्लच्याच अटींवर, म्हणजे जीपीएल किंवा आर्टिस्टिक लायसन्स यांपैकी वापरणाऱ्याला हवा तो परवाना देऊन, प्रसिद्ध केली जातात. स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो, इतरांना वापरण्याची आणि बदलण्याची मुभा मिळते. त्यातून पैसे मिळतील असे धरून चालू नये.

सुरक्षिततेचा आपला प्रश्न योग्य आहे. पॉजवर खाते उघडले की लेखकाला सीपॅनचा एक ईमेल पत्ता मिळतो आणि त्यावर आलेली पत्रे खऱ्या पत्त्यावर पोहोचतात. माहितीपत्रकात तोच पत्ता द्यावा. घरचा पत्ता, फोन क्रमांक किंवा महाविद्यालयाचे नाव घालण्याचे कारण नाही. कोणी तक्रार लिहिली तर उत्तर त्याच दिवशी दिलेच पाहिजे असे नाही. पुढे नोकरी लागल्यावर सांभाळणे जमले नाही तर दुसऱ्या कोणाला सहदेखभालीचा अधिकार देता येतो, किंवा ‘हे कोणीतरी दत्तक घ्या’ अशी खूण त्या मॉड्यूलवर लावून ठेवण्याचीही पद्धत आहे. जन्मभराचे बंधन त्यात नाही.

शेवटी एक काम आपल्यासाठी. आपण लिहिले आहे की पहिल्या प्रोग्रामने ९९ रुपयांच्या पावतीवर ‘एकोणशंभर’ छापले आणि घरात हशा पिकला. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत जो नियम चालतो तो नव्व्याण्णवला मोडतो, हे चाचणी करणाऱ्या त्या बारा यंत्रांपैकी एकालाही माहीत असणे शक्य नव्हते; मराठी जाणणाऱ्या माणसानेच ते चाचणीत लिहून द्यावे लागते. १०० ला ‘शंभर’ पण १०१ ला ‘एकशे एक’, आणि मंडळाच्या पावत्या तर १०१, १५१, ५०१ अशाच फाटतात. कोणी रक्कम देवनागरी अंकांत भरली तर काय होते, तेही पाहावे लागेल, कारण युनिकोड म्हणून वाचलेल्या मजकुरातले ‘५०१’ पर्लचे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याची सोय, अंक म्हणून ओळखते, पण बेरजेत घेतल्यावर त्याचे शून्य होते. शून्य ते नव्व्याण्णव सगळे शब्द एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्या, ‘अठ्ठ्याहत्तर’ आणि ‘अठ्ठ्याऐंशी’ यांच्या जोडाक्षरांसकट, आणि तिला त्या कागदावरून चाचणीची फाइल करायला सांगा. ती फाइल मॅनिफेस्टमध्ये लिहायची आठवण तेवढी करून द्या.