निरीक्षणाची वही कशासाठी?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी मदतनीस असून सध्या बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेत आहे. तेथे आम्हांला काही वेळ बाजूला बसून मुलांकडे नुसते पाहायला आणि घरी गेल्यावर त्यावर चिंतन लिहायला सांगतात. माझ्या वहीत रोज तेच उतरते : मुले खेळली, आनंदात होती, एक मुलगा ऐकत नाही. त्यापेक्षा गाणी, गोष्टी आणि साहित्य तयार करणे शिकवले तर अधिक उपयोग होणार नाही का?

उत्तर : गाणी आणि गोष्टी तर यायलाच हव्यात, मात्र कोणते गाणे कोणत्या मुलासमोर केव्हा म्हणावे, हे गाण्यांच्या संग्रहात लिहिलेले नसते. ते मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांनी येथे शिक्षकांचे वर्ग घेतले, तेव्हा त्या प्रशिक्षणातही निरीक्षणाला मध्यवर्ती स्थान होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात बालवाडी नेली, तीही मुले कोठे असतात आणि दिवसभर काय करतात हे पाहूनच.

आता तुमच्या वहीकडे वळू. ‘एक मुलगा ऐकत नाही’ हा तुम्ही दिलेला निकाल आहे. तुम्ही काय पाहिले, ते त्यात कोठेच नाही. समजा, तुम्ही असे लिहिले असते : ‘ताईंनी ओळीत बसा म्हटले, तेव्हा तो खिडकीपाशी चिंचोके मांडत होता, मोठे एकीकडे आणि लहान दुसरीकडे. हाताला धरून आणल्यावर लगेच बसला. गाणे सुरू झाल्यावर शेजारच्या मुलीकडे पाहून, थोड्या उशिराने, हातवारे केले.’ एवढ्या नोंदीने सगळा प्रश्नच पालटतो. ज्याला लहानमोठे निवडता येते, त्याचे लक्ष नाही असे कसे म्हणावे? हातवारे पाहून करतो, याचा अर्थ शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नसावेत. तुमच्या जिल्ह्यात कोलामी किंवा गोंडी घरात बोलणारी कितीतरी मुले अंगणवाडीत येतात आणि मराठी त्यांच्या कानांवर नव्यानेच पडत असते. कदाचित तसे असेल; पण कान वाहत असल्यामुळे त्याला कमी ऐकू येत असेल, हीही शक्यता तितकीच खरी आहे. या दोन्ही शक्यता मनात ठेवून उद्या काय करून पाहायचे ते ठरवणे, याला चिंतन म्हणतात. आईशी बोला, तीच सूचना त्याच्या घरच्या भाषेत देऊन पाहा, त्याच्या पाठीमागून हळू हाक मारून पाहा. ऐकण्याबद्दल शंका उरली तर आरोग्य तपासणीची वाट न पाहता उपकेंद्रात दाखवा.

सगळ्या मुलांकडे एकाच वेळी पाहू नका. दहा मिनिटे एकाच मुलाकडे पाहा. वहीच्या उजव्या पानावर केवळ जे दिसले आणि ऐकू आले तेच, मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, आणि वेळेसह लिहा. डावे पान संध्याकाळच्या चिंतनासाठी कोरे सोडा. हट्टी, हुशार, लाजाळू ही विशेषणे उजव्या पानावर येऊ देऊ नका. सुरुवातीला हे फार जड जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतात जातात आणि मूल पेंगत, कधी काही न खाता येते, म्हणून हंगामाचीही नोंद ठेवा, नाहीतर भुकेला तुम्ही आळस म्हणाल.

प्रशिक्षकांबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. वही भरली की नाही एवढेच तपासून सही केली जात असेल, तर तुमचा कंटाळा रास्त आहे. आठवड्यातून एकदा दोघीतिघींनी एकाच मुलाविषयीच्या आपापल्या नोंदी मोठ्याने वाचाव्यात, अशी मागणी तुम्ही नक्की करा; तिघींनी तीन गोष्टी पाहिल्याचे तेथेच लक्षात येते. मात्र ही वही अनेकींच्या हातात जाणार असल्याने मुलाचे नाव लिहू नका, एखादी खूण वापरा, आणि घरातील भांडण, व्यसन किंवा आजार यांविषयी आईने विश्वासाने सांगितलेले त्यात उतरवू नका.