टोपी ज्या दिशेला उडाली

प्रश्न : आम्ही समुद्रकाठी राहतो. भर उन्हाळ्यात एका दिवसासाठी आतल्या भागातल्या एका मोठ्या, खोल तलावाकाठच्या गावी गेलो. निघालो तेव्हा घरी 33 अंश होते, तिथे दुपारी 39. गावात फिरून चार वाजता काठावर आलो, तर तिथेही झळाच. सकाळी मुलीने पायरीवर पाय बुडवले तेव्हा पाणी कोमट होतं, चारला त्याच पायरीवर बोचरं गार! वारा सकाळपासून सोसाट्याचा, तिची टोपी उडून थेट पाण्यात गेली. सासऱ्यांना भोवळ आली. दिवसभर ते म्हणत होते, "मला तर घामही येत नाहीये." एवढं पाणी शेजारी असून गारवा का नाही? पुन्हा जायचं तर काय बदलावं?

उत्तर : तुमच्या पत्रातली टोपी मला फार उपयोगी पडली. ती पाण्याकडे उडाली, म्हणजे वारा गावाकडून तलावाकडे वाहत होता. तुमच्या दोन कोड्यांचं उत्तर त्यात आहे.

तलावाचा गारवा काठावर येतो तो पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर. तुमच्याकडे येणारा वारा तापलेल्या दगडांवरून, छपरांवरून आणि रस्त्यांवरून येत होता. पाणी पुढ्यात असूनही त्याचा गारवा समोरच्या काठावर चालला होता.

आणि पाण्याचं कोमटपण? मी अनेक उन्हाळे होडीत बसून, खुणा केलेल्या दोरीला थर्मामीटर बांधून तलावांचं तापमान मोजलं आहे. खोल तलावात उन्हाळ्यात तापतो तो फक्त वरचा थर. गरम पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगत राहतं. दोरी सोडत गेलं की काही मीटरपर्यंत पारा जवळजवळ हलत नाही आणि मग एकदम घसरतो. पहिल्यांदा तो घसरलेला पाहिला तेव्हा थर्मामीटर बिघडला असं वाटून मी पुन्हा मोजलं होतं. जोराचा वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला की हा वरचा थर पलीकडच्या काठाकडे ढकलला जातो आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी अलीकडे वर येतं. सकाळी तुमच्या मुलीच्या पायाशी असलेलं कोमट पाणी चार वाजेपर्यंत समोर पोचलं होतं. जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करणारे फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकातच सरोवरांच्या अशा हालचाली बारकाईने मोजल्या होत्या.

म्हणून पुढच्या वेळी काठ निवडण्याआधी वारा पाहा. ज्या काठावर तो पाण्यावरून येतो तिथे बसा. तिथे हवाही सुखद असते आणि पाणीही कोमट. लाटा मात्र तिथेच जास्त आपटतात, मुलांचा हात धरूनच उतरा. तुम्ही बसला होतात तशा काठावर हवा भरलेली ट्यूब किंवा गादी घेऊन मुलांना मुळीच सोडू नका. जिथे टोपी गेली तिथेच वारा ट्यूबही नेतो, आणि वाऱ्याविरुद्ध परत पोहणं भल्याभल्यांना जमत नाही. गार पाण्यात अचानक उडी मारली तर श्वास एकदम आत ओढला जातो. तसं झालंच तर हातपाय मारू नका, उताणं तरंगत राहा. एक-दोन मिनिटांत श्वास ताब्यात येतो.

आता सासऱ्यांबद्दल. "मला तर घामही येत नाहीये" हे त्यांचं वाक्य तुमच्या पत्रात वाचून मला काळजी वाटली. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, सदरा अंगाला चिकटतो, आणि किती पाणी गेलं याचा अंदाज माणूस त्या ओल्या सदऱ्यावरून घेतो. आतल्या भागातल्या कोरड्या हवेत घाम फुटताच उडून जातो. अंग कोरडं दिसतं, पण पाणी जातच असतं. गडद कापडावर मिठाचे पांढरे डाग दिसतात का ते बघा. तहान लागण्याची वाट न पाहता त्यांना थोड्या थोड्या वेळाने पाणी द्या. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. (हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं औषध चालू असेल तर पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.) भोवळ आली की सावलीत आडवं करून पाय उंच ठेवा. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा, मग अंग कोरडं असो वा घामाने भिजलेलं. लगेच रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

तापमानातला फरक साधा आहे. तेवढंच वजन तेवढ्याच अंशांनी तापवायला पाण्याला दगडापेक्षा चार-पाच पट उष्णता लागते. म्हणून समुद्र तुमचं गाव सांभाळतो, आतल्या गावाला तो आधार नाही. तिथली हवा सर्वांत तापते तीही बाराला नव्हे, तर दुपारी तीन-चारच्या सुमारास, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही गल्ल्यांत होतात. गाव सकाळी पाहा, भिंती रात्रभर निवलेल्या असतात. अकराच्या आत काठावरची झाडाची सावली धरा. आणि बसण्याआधी मुलीला टोपी हातात धरून उभं करा, कडा कुठे फडफडते ते तीच सांगेल.