झाडांचा दवाखाना : गुलमोहराच्या बुंध्यावरचा फणसांबा

प्रश्न : वाशीतील आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तीसेक वर्षांचा गुलमोहर आहे. गेल्या पावसाळ्यात बुंध्याला तपकिरी, चकचकीत, पांढऱ्या कडेची, भाकरीएवढी अळंबी आली. माळ्याने ती खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावला. यंदा ती पुन्हा उगवली आहे. झाड मात्र छान फुलले. औषध कोणते? काही सभासद बुंध्यातली पोकळी सिमेंटने बुजवू म्हणतात.

उत्तर : वर्णन गॅनोडर्मा बुरशीचे आहे. कोकणात फणसावर अशीच लाकडी अळंबी येते, तिला फणसांबा म्हणतात. दिसते ते बुरशीचे फळ; तिचे खरे अंग मुळांत आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेले असते. त्यामुळे खरवडून काही साधत नाही. लेप जखमेवर ठीक, पण तो सालीच्या आत उतरत नाही. आत कुजलेले लाकूड पुन्हा घट्ट करणारे औषध नाही, हे सभेत आधीच सांगून टाका.

फुलांवर विसंबू नका. पाणी वर नेणारे बाहेरचे ताजे लाकूड शाबूत असेल तर शेंडा हिरवा राहतो, आणि खाली आधार देणारी मुळे मात्र भुसभुशीत झालेली असतात. असे झाड वाळून मरत नाही, जूनच्या पहिल्या वाऱ्यात मुळासकट आडवे होते. म्हणून विचारायचे ते हे, की झाड उभे राहील का?

लाकडी हातोडीने बुंध्याभोवती दर वीतभर अंतरावर ठोका. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. मग बुंध्यालगतची माती हलक्या हाताने वीतभर उकरा. जाड मुळात पेचकस सहज शिरला, लाकूड पांढरट, ओलसर, धाग्याधाग्यांचे निघाले तर ते मूळ गेले. कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाची मुळे गेली असतील तर धोका सर्वांत मोठा. पोकळीसाठी जाणकारांचा एक ठोकताळा आहे : त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी घट्ट लाकूड सभोवार हवे. म्हणजे 60 सेंटीमीटर व्यासाच्या बुंध्याला 10 सेंटीमीटर. पण मुळेच कुजली असतील तर हा हिशेब फोल.

सिमेंट नकोच. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही. मधल्या फटीत पाणी साचते आणि कूज वाढते.

बुरशी शिरली कुठून? बहुधा केबल किंवा पाइपासाठी खणताना तुटलेल्या मुळांतून, नाहीतर बुंध्यापर्यंत भिडवलेल्या पेव्हर ब्लॉकमुळे गुदमरलेल्या मुळांतून. गुलमोहराची मुळे मुळात उथळ, त्यात हा मार. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी करा, चढवलेली माती काढा, पाणी तुंबू देऊ नका. शेजारच्या निरोगी झाडांसाठी 50 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, पंधरा दिवस सावलीत झाका आणि मग मुळांच्या परिसरात घाला. त्याच मातीत मोरचूद ओतू नका, ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, तीही मरेल. हा उपाय प्रतिबंधाचा. तुमच्या गुलमोहराला त्याने फार फरक पडणार नाही.

झाड धोक्याचे ठरले तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे फोटोंसह अर्ज करा. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोवर खाली गाड्या लावणे आजच बंद करा. झाड काढल्यावर खोड आणि जाड मुळे खणून काढा, कारण बुरशी त्यांत वर्षानुवर्षे टिकते. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू नका.

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये राहते. शेजाऱ्यांचा ओक काही महिन्यांत सुकला, ‘ओक विल्ट’ म्हणतात. तिच्या ओकला हाच रोग होईल का? (ठाणे)

उत्तर : हा रोग वेगळा. गॅनोडर्मा लाकूड खातो. ओक विल्टमध्ये पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात. तिथल्या लाइव्ह ओकच्या (सदाहरित ओकच्या) पानांच्या शिरा पिवळ्या-तपकिरी होतात, मधला भाग हिरवा राहतो. एकमेकांत जुळलेल्या मुळांतून रोग शेजारच्या झाडात जातो, म्हणून काळजी रास्त आहे. ताज्या जखमेच्या रसावर येणारे बारीक भुंगेही तो नेतात. टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते जून छाटणी टाळतात आणि एरवीही कापल्याबरोबर जखमेला रंग लावतात. एरवी आम्ही छाटणीच्या जखमेला रंग लावू नका म्हणतो. ओक विल्टच्या प्रदेशात तो लावायचाच. प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाचे इंजेक्शन बुंध्याच्या तळाशी देतात, पण ते रोग पोहोचण्याआधीच उपयोगी. जुळलेल्या मुळांतून रोग पुढे जाऊ नये म्हणून मुळे तोडणारा चर किमान चार फूट खोल, रोगट झाडांपासून शंभर फूट पुढे घेतात. तिने शेजारच्या वाळलेल्या ओकचे सरपण मात्र घरी आणू नये.