मोगरा, मोह, गुलाब आणि आईस्क्रीम : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फुलांचं आईस्क्रीम घरी होतं असं दोन ओळींत लिहिलं होतं, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा घरोघरी फ्रीजर भरलेला असणारच. एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगते. फुलाचं आईस्क्रीम म्हणजे फुलाचा वास दुधात उतरवायचं काम, आणि प्रत्येक फुलाचा वास वेगळ्या रीतीने उतरतो. एकच रेसिपी धरून नुसतं फूल बदललं की बिघडतं, आलेल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : ताई, मोगऱ्याच्या दोन मुठी कळ्या दुधात टाकून चांगलं दहा मिनिटं उकळलं. मोगऱ्याचा वास तर गेलाच, वर पालेभाजी शिजवल्यासारखा वास यायला लागला. कळ्या कमी पडल्या का? (एक गृहिणी, अमळनेर)

उत्तर : नाही हो, कळ्या भरपूर होत्या, गॅसने घात केला. मोगऱ्याचा वास फार उडता असतो, उकळी आली की तो वाफेबरोबर घरभर जातो आणि पातेल्यात उरतो तो पाकळीचा अन् देठाचा हिरवट वास. मोगरा विस्तवाजवळ न्यायचाच नाही. हा वास स्निग्धात मुरतो, म्हणून पातळ दुधापेक्षा क्रीममध्ये नाहीतर ताज्या सायीत तो जास्त छान उतरतो. असं करा. मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते आणि मग रात्रभर वास सोडत राहते, म्हणून दिवस मावळायच्या आत टपोऱ्या पण बंद कळ्या तोडून घ्या, हिरवे देठ काढा, पाण्यातून पटकन काढून फडक्यावर पूर्ण सुकवा, आत मुंग्या आहेत का ते बघा. मग त्या ताटलीत उघड्याच ठेवा आणि रात्री उमलायला लागल्या, घरात घमघमाट सुटला की मलमलच्या फडक्यात सैल बांधून २०० मिली क्रीममध्ये बुडवा, डब्याचं झाकण घट्ट लावा आणि डबा रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पुरचुंडी नुसती उचलून काढायची, पिळायची अजिबात नाही, पिळली की कडवटपणा उतरतो. वास हलका वाटला तर दुसऱ्या रात्री नवीन कळ्या घालून परत तेच.

दुधाचं काम वेगळं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे मिल्क पावडर आणि थंड दुधात कालवलेला एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून शिजवा, पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये थंडगार होऊ द्या आणि मगच त्यात मोगऱ्याचं क्रीम मिसळा. वेलची, केशर काही घालू नका, मोगरा दबतो. मिश्रण चाखताना थोडं जास्त गोड आणि वासाला थोडं जास्तच वाटलं पाहिजे, कारण गोठल्यावर जिभेला गोडही कमी लागतं आणि वासही कमी येतो. चीनमध्ये जस्मिन टी करतात तो आपल्या ह्याच मोगऱ्याचा, तिथेही उमलत्या कळ्या रात्रभर चहाच्या पत्तीत मिसळून ठेवतात, फूल उकळत कोणी नाही.

घरची साय वापरणार असाल तर एकदोन दिवसांचीच घ्या. आठवडाभराची आंबूस साय मोगरा खाऊन टाकते, आणि उन्हाळ्यात साय जास्त घुसळली की हा हा म्हणता लोणी येतं.

प्रश्न : आमच्या कॉलनीत रातराणी खूप आहे, वास तर मोगऱ्यापेक्षा भारी. तिचं आईस्क्रीम चालेल का? आणि चाफ्याचं? (कॉलेजची विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : बाळा, रातराणी नको म्हणजे नको. ती विषारी आहे, वास कितीही गोड असला तरी ती खायची वनस्पती नाही. पांढऱ्या-गुलाबी चाफ्याला चीक असतो, तोही नको. आपल्याकडे कुंपणाला, अंगणात, देवाच्या परडीत जी फुलं दिसतात त्यातली बरीच खायची नाहीत. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, रुई, घाणेरी, सदाफुली, कळलावी, यातलं एकही नाही. कण्हेर आणि बिट्टी थेट हृदयावर परिणाम करतात, त्यामुळे नुसतं सजावटीला म्हणूनही आईस्क्रीमवर ठेवायचं नाही, पोरं सजावट आधी तोंडात घालतात. फूल ओळखता आलं नाही तर ते सोडून द्यायचं, फोटो पाठवून विचारत बसू नका, फोटोवरून मीही सांगणार नाही.

दुसरं म्हणजे फूल आलं कुठून. हारवाल्याकडचं, गुच्छातलं फूल खायला पिकवलेलं नसतं, त्यावर कीटकनाशकाचे फवारे मारलेले असतात आणि ते धुऊन सगळे जात नाहीत. घरच्या कुंडीतलं किंवा शेताच्या बांधावरचं, ज्यावर काही मारलं नाही याची खात्री आहे असंच घ्या. मधले केसर काढून फक्त पाकळ्या वापरा. कोणाला दमा असेल किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी विचारा, आणि घरात गरोदर बाई असेल तर जास्वंद, गोकर्ण वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : मी तळोद्याची, सध्या नोकरीला नाशिकला असते. आजी मोहाची फुलं वाळवून पाठवते. ऑफिसच्या मैत्रिणींना त्याचं आईस्क्रीम करून घालायचंय, पण घरमालकीण काकू म्हणतात मोहाने नशा येते. खरंच येते का? आणि करायचं कसं?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. काकूंना सांग, फुलात दारू नसते. फुलं भिजवून आंबवली की त्यातल्या साखरेची दारू होते, नुसत्या फुलात असते ती साखरच, आणि ती भरपूर असते, वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा भागात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, आणि पावरा, भिल्ल घरातल्या बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. तुझी आजी हे सगळं मला शिकवेल, मी तिला नाही. मोहाला फक्त दारूच्या नावाने ओळखणं हा त्या फुलावर आणि ते वेचणाऱ्यांवर अन्याय आहे, त्या घरांमध्ये ते भाकरीत, लाडवात जातं, अन्न म्हणून खाल्लं जातं. तेव्हा आईस्क्रीम करशील तर नाव अजिबात लपवू नको, मोहाचं आईस्क्रीम म्हणूनच वाढ.

आता कृती. अर्ध्या लिटर दुधाला अर्धी वाटी वाळलेली फुलं. निवडून घे, आतले केसर आणि कचरा काढ, दोन-तीन पाण्यांत भराभर धू म्हणजे माती खाली बसेल. भिजवायची ती थोड्या पाण्यात आणि फ्रिजमध्येच, दोन तास पुरे. उन्हाळ्यात बाहेर भिजत ठेवलीस तर आंबायला लागतात, आणि मग काकूंचं खरं होईल. मोहाचं मोगऱ्याच्या बरोबर उलटं, याला आच मानवते. भिजलेली फुलं चमचाभर तुपावर मंद परत, रंग गडद झाला आणि गुळासारखा खरपूस वास सुटला की वाटीभर दूध घालून मऊ शिजव, मिक्सरला फिरव आणि गाळ. साखर मात्र निम्मीच घाल. साखर दुधाला लवकर गोठू देत नाही, आणि मोहातली बरीचशी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोज या जातीची, ती आपल्या साध्या साखरेपेक्षाही हे काम जोरात करते. नेहमीएवढी साखर घातलीस तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी खीरच हातात येईल. चिमूटभर मीठ घाल, चव उठते. वरून भाजलेले शेंगदाणे भरडून घातले तर मला फार आवडतं, पिस्ता-बदामापेक्षा याला शेंगदाणाच शोभतो.

प्रश्न : रावेर तालुक्यातले आहोत, घरात केळी कायम असतात. केळी गोठवून मिक्सरला फिरवली की मशीनशिवाय आईस्क्रीम होतं असं ऐकलं, त्यात फुलं घालता येतील का? (शेतकरी)

उत्तर : भाऊ, तुमच्याकडे तर खजिनाच आहे. सालीवर काळे ठिपके आलेली पिकलेली केळी कापून रात्रभर गोठवायची आणि मिक्सरला थांबून थांबून फिरवायची, क्रीम न घालताही मऊ होतं. पण केळीचा वास जबरदस्त, मोगरा तिच्यापुढे टिकत नाही. गुलकंद घाला, तो टिकतो. गुलकंदातल्या पाकळ्या थंडीत चिवट होतात म्हणून आधी दोन चमचे दुधाबरोबर वाटून घ्यायच्या. गुलकंद घरी करायचा असेल तर आपलं ऊन आहेच, वासाचा गावठी गुलाब घ्या, डच गुलाब दिसायला छान पण वासाला काही नाही. पाकळीच्या बुडाशी पांढरा भाग असतो तो खुडून टाका, कडू असतो. पाकळ्यांच्या वजनाएवढी खडीसाखर, बरणीत थरावर थर, आणि तीन-चार आठवडे ऊन.

प्रश्न : जास्वंदीचा लाल काढा करून लिंबू पिळलं, रंग काय सुंदर आला, पण दुधात ओतला आणि दूध फाटलं. (भुसावळ)

उत्तर : लिंबाने फाटलं. दूध आंबट झालं की त्यातलं प्रथिन गोळा होतं, पनीर करतो तसंच. जास्वंदीचं आईस्क्रीम दुधात करूच नका, काढा, साखर आणि लिंबू एवढंच गोठवा, दर तासाने काट्याने खरवडत राहा, मस्त लालभडक सॉर्बे होतं. गोकर्णाचंही विचारलंय काहींनी. गोकर्ण निळा रंग देतं, चव जवळजवळ काहीच नाही, तेव्हा नारळाच्या दुधात वेलचीबरोबर वापरा. लिंबू लागलं की निळ्याचा जांभळा होतो, मुलांना ते बघायला भारी आवडतं.

प्रश्न : कितीही करा, आईस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होतातच. त्यात आमच्याकडे लाईट जाते. (चाळीसगाव)

उत्तर : सावकाश गोठलं की खडे मोठे होतात, लवकर गोठलं आणि मधेमधे हलवलं की बारीक राहतात. म्हणून मिश्रण थंडगार करूनच फ्रीजरमध्ये ठेवा, खोल डब्याऐवजी पसरट स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, दीड-दोन तासांनी कडा धरल्या की बाहेर काढून बीटरने फेटा, असं दोन-तीनदा. मिल्क पावडर पाणी धरून ठेवते, ती वगळू नका. कोणाकडे आईस्क्रीमचा जुना संचा (हाताने दांडा फिरवायचा तो) माळ्यावर पडला असेल तर तो काढाच. बर्फाचे तीन-चार भाग आणि खडे मिठाचा एक भाग घातला की बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, घरच्या फ्रीजरइतका थंड होतो, आणि दांडा फिरवत असल्याने आईस्क्रीम खडे न होता बसतं. लाईटचाही प्रश्न नाही, बर्फाची लादी मिळाली की झालं.

लाईट गेली तर फ्रीजर उघडू नका. आईस्क्रीम नुसतं मऊ झालं असेल आणि अजून थंडगार असेल तर मिल्कशेक करून लगेच पिऊन टाका, परत गोठवू नका, खडे तर होतातच शिवाय पोटाला बरं नाही. पूर्ण पातळ होऊन मे महिन्याच्या गरमीत तासाच्या वर राहिलं असेल तर कितीही जीवावर आलं तरी फेकून द्या.