ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याची टाच बघा

खाटेशेजारून : वाचकांचे प्रश्न, निवृत्त सिस्टरची उत्तरं

प्रश्न : सिस्टर, माझे वडील ७६ वर्षांचे, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त. दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडतं. शब्द तोंडाशी येतो आणि परत जातो. हॉस्पिटलवाले म्हणतात, आता डिस्चार्ज घ्या आणि दोन-तीन महिने रिहॅब सेंटरमध्ये ठेवा. आईचे गुडघे गेलेत, आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीला. घर इंदिरानगरला. दोन सेंटर बघून आलो. गंगापूर रोडचं एकदम चकाचक आहे. दारात कारंजं, प्रत्येक खोलीत टीव्ही, मॅनेजरने पॅकेजचा कागदच हातात दिला. दुसरं पाथर्डी फाट्याच्या पुढे, जुन्या बंगल्यात. भिंतींचा रंग उडालेला, फिनाईलचा वास. (तिथल्या मावशींनी मात्र विचारलं, "बाबा कोणत्या कुशीवर झोपतात?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.) भाचा अमेरिकेत असतो, तो फोनवर विचारतो, "मामा, सेंटरला स्टार किती?" काय सांगू? शिवाय काका म्हणतात, बापाला टाकतोयस. चांगलं सेंटर ओळखायचं कसं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दादा, काकांना एकदा रात्री अडीचला डायपर बदलायला बोलवा, म्हणजे "टाकतोयस" हा शब्द पुन्हा ऐकू येणार नाही. झटक्यानंतरचे पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात. हातापायात जे परत यायचं त्यातलं बरंचसं याच काळात येतं. या दिवसांत रोज नेमाने व्यायाम होईल अशा जागी बापाला ठेवणं, यात टाकणं कसलं आलं?

आता भाच्याचे स्टार. तिकडे २००८ पासून सरकारच नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय आढळलं, नर्स आणि मदतनीस किती, आणि राहणाऱ्यांची तब्येत कशी राहते, हे पाहून. तपासायला येणारे आधी कळवत नाहीत, हे त्यातलं खरं मर्म. पण काही आकडे नर्सिंग होमने स्वतःच भरून द्यायचे असतात, म्हणून तिथलेही जाणते लोक नुसत्या ताऱ्यांवर विसंबत नाहीत. आपल्याकडे असा सरकारी तक्ता नाही. मोबाइलवर दिसतात ते तारे मुलांनी आणि सुनांनी दिलेले असतात, खाटेवरच्या माणसाने नव्हे. तेव्हा भाच्याला सांगा, तारे तुमच्याकडेच ठेवा, आम्ही न कळवता जाण्याची रीत तेवढी उचलतो.

ही रीत मी ठेच खाऊन शिकले. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, आणि स्वतःच्या सासऱ्यांच्या बाबतीत फसले. मामंजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना इथल्याच एका सेंटरमध्ये ठेवलं. मी दर रविवारी अकराला जायची. आंघोळ झालेली, दाढी केलेली, मानेला पावडर, मामंजी खुर्चीत बसलेले. पाच रविवार मी खूश होऊन परत आले. एका बुधवारी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला बाहेर पडले होते, सहज डोकावले, संध्याकाळचे साडेसात. मामंजी दुपारपासून एकाच कुशीवर. ताटलीतला भात वाळून कडक झालेला. चादर वर केली तर टाच काळीनिळी, आणि माकडहाडावर रुपयाएवढी जखम, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होते ती. रविवारी ते खुर्चीत बसलेले असायचे, त्यामुळे पाठ मला दिसायचीच नाही. दुसऱ्यांच्या पेशंटच्या पाठी जन्मभर पाहिल्या आणि घरच्या माणसाची एकदाही उलटून पाहिली नाही. त्या सेंटरला मी जेवढं बोलले, त्याहून जास्त स्वतःला बोलले.

म्हणून तुम्ही दोन्हीकडे पुन्हा जा, पण संध्याकाळी. बहुतेक ठिकाणी आठला ड्यूटी बदलते. दिवसाची माणसं चपला घालून तयार, रात्रीची अजून रस्त्यात. सेंटरचा खरा चेहरा त्या अर्ध्या तासात दिसतो. जाणारी सिस्टर येणारीला खाटेपाशी उभी राहून सांगते का, "यांनी आज कमी खाल्लं, यांना दुपारी ताप होता"? की नुसती वही टेबलावर टाकून निघते? कारंजं त्या वेळी बंद असेल, तेही बरंच.

मग एक पेशंट शोधा. तुमच्या बाबांच्या वयाचा, ज्याला भेटायला कोणी येत नाही असा. प्रत्येक सेंटरमध्ये एक तरी असतो. मुलगा परदेशात, नाहीतर मुलगाच नाही. त्याच्याशी दोन शब्द बोला आणि बोलता बोलता बघा. नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे पडलेत का, डोळ्यांत चिपडं आहेत का. पाण्याचा पेला त्याच्या चालत्या हाताच्या बाजूला आहे, की लुळ्या हाताच्या? लुळ्या बाजूला ठेवलेला पेला म्हणजे पाणी ठेवल्याची नोंद झाली, माणूस तहानलेलाच. लघवीची पिशवी खाटेच्या कडेला, पोटाच्या पातळीच्या खाली अडकवलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि जमलं, त्याची हरकत नसली, तर टाच बघा. टाच लाल दिसली तर बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर तिथे जखमेची सुरुवात झालीय. (सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम लागतंय का, कडक लागतंय का ते चाचपायचं.) तुमच्या वडिलांकडे ते लक्ष देतीलच, कारण तुम्ही येणार आहात. ज्याच्यासाठी विचारणारं कोणी नाही त्याला कसं ठेवलंय, त्यावर सेंटर जोखा.

खाटेला कुशी बदलल्याचा तक्ता लावलेला असतो. स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, एअर बेड असला तरीही. "एअर बेड आहे ना" हे उत्तर मी फार ऐकलंय. तक्ता बघताना घड्याळही बघा. मी एकदा दुपारी चारला रात्री दहापर्यंतच्या खुणा केलेल्या पाहिल्यात, सगळ्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने.

वासाचं म्हणाल तर फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे, आणि घाणही नव्हे. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर आत्ताच कोणाची तरी झाली असेल, माणसंच राहतात तिथे. दहा मिनिटांनी परत त्याच खोलीत जा. वास गेला असेल तर ते घर चांगलं. गादीत, पडद्यांत मुरलेला असेल तर निघा. सगळीकडे नुसता गुलाबाचा फवारा असेल तर मी तरी आणखी बारकाईने बघते.

मॅनेजरला मोजके प्रश्न विचारा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं जागी असतात? "स्टाफ चोवीस तास असतो" हे त्याचं उत्तर नव्हे, आकडा घ्या. "सिस्टर" म्हणता त्या जीएनएम, एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या आहेत, की ब्युरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेल्या मुली? ब्युरोच्या मुली वाईट नसतात, कित्येकींचे हात सोन्याचे असतात. पण इन्सुलिन किंवा रक्त पातळ करण्याची गोळी कोणाच्या हातून जाते, हे कळायला हवं. रात्री दोनला धाप लागली तर डॉक्टर कुठून येणार आणि कोणत्या हॉस्पिटलला हलवणार? महिन्याच्या आकड्यात डायपर, औषधं, फिजिओ धरलंय का? हा प्रश्न पॅकेजच्या कागदावर बोट ठेवूनच विचारा.

आता तुमच्या बाबांपुरतं, आणि हे नीट वाचा. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात, आणि बोलणं बहुतेक तिथेच असतं. म्हणजे बाबा तक्रार करू शकणार नाहीत. त्यांच्या वतीने तुमचे डोळे बोलणार. जेवणाच्या वेळी एकदा शेजारी बसा. भरवणारी मावशी उभ्याने भरवते की बसून? बाबा ताठ बसलेत की अर्धे आडवे? झटक्यानंतर गिळणंही बिघडतं, पातळ पाण्याने ठसका लागतो, आणि तेच पाणी छातीत उतरून न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी केल्याशिवाय कोणी घाईघाईने चहा पाजत असेल तर तिथेच थांबवा. जेवणानंतर निदान अर्धा तास तरी बसवून ठेवायला हवं. दुसरं, उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढून त्यांना उठवतात का, तेवढं बघा. लुळ्या हाताचा खांदा सैल पडलेला असतो. ओढला की निखळल्यासारखा होतो आणि मग त्या दुखण्याने व्यायामच बंद पडतो. पेशंटला उठवताना खांद्याला कोण कसा हात लावतो, एवढ्यावरून मी माणसाचं शिक्षण ओळखते.

आणि एक, ज्याने तुमच्या आईला बरं वाटेल. शब्द सापडत नसले तरी तोंडपाठ झालेलं बऱ्याचदा सुटतं. रामरक्षा, पाढे, आकडे. बाबा प्रेसमधले, त्यांच्यासमोर कोऱ्या कागदांची गड्डी ठेवा आणि "एक, दोन" असं तुम्ही सुरू करा. पुढचं ते म्हणतील कदाचित. सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे का आणि आठवड्यातून किती वेळा येतो, हे टीव्हीच्या आधी विचारायचं.

भरती करताना त्यांच्या सिस्टरसमोर बाबांचं सगळं अंग उघडून बघा. पाठ, खुबे, टाचा, कोपर. काही लाल असेल तर केस पेपरवर लिहून घ्या, तुमची सही करा. वजनही लिहायला सांगा, खुर्चीवर बसवून घेता येतं. पुढच्या महिन्यात वजन उतरलं तर ते बोलतील न बोलतील, कागद बोलेल.

कोणतं निवडू, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण तेच विचारायचंय हे कळतं. मी दोन्ही बघितलेली नाहीत. तरी तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीय. "कोणत्या कुशीवर झोपतात" हे विचारणाऱ्या बाईने आयुष्यात पुष्कळ पाठी राखल्या असणार. आणि पाथर्डी फाटा तुम्हाला दहा मिनिटांवर. गंगापूर रोडला जायचं म्हणजे ऑफिसहून येऊन तो बोगद्यातला ट्रॅफिक काढायचा. पहिला आठवडा रोज जाल, मग एक दिवसाआड, मग रविवारी अकरा. माझ्यासारखेच. बंगल्यातल्या रात्रीच्या माणसांचा आकडा पटला आणि फिजिओ रोज येत असेल, तर रंग उडालेल्या भिंतींकडे मी बघणार नाही. नाही पटला तर तिसरं शोधा, मावशी कितीही चांगल्या असल्या तरी.

प्रश्न : आईला विस्मरणाचा आजार आहे. ज्या केंद्रात ठेवलंय तिथे रात्री तिचे हात ओढणीने खाटेला बांधतात. म्हणतात, पडू नये म्हणून. दिवसा ती सारखी झोपलेली दिसते. मी काही बोलले तर तिचे हाल होतील अशी भीती वाटते.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, बांधल्याने पडणं थांबत नाही. माणूस सुटायची धडपड करतो आणि कठड्यावरून जास्त वाईट पडतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमला कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला मनाई केली. बांधण्याऐवजी खाट खाली घेतात, शेजारी जमिनीवर गादी टाकतात, रात्री मंद दिवा ठेवतात, झोपण्याआधी आणि मध्ये एकदा लघवीला नेतात. खर्चाचं यात काहीच नाही, रात्री जागणारा एक माणूस लागतो. तो नसतो म्हणून ओढणी येते.

आई रात्री का उठते, हे कोणी शोधलंय का? लघवी, बद्धकोष्ठ, तहान, दुखणं. एरवी शांत असलेली म्हातारी अचानक दोन दिवसांत बरळायला लागली तर आधी लघवीची तपासणी करायची आणि ताप बघायचा. दिवसाच्या झोपेबद्दल औषधांचा कागद मागा, मूळ चिठ्ठीत नसलेली गोळी वाढलीय का ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर. तक्रार करताना "तुम्ही बांधता" असं सुरू करू नका, "रात्री तिला कोण बघतं, मला त्यांना भेटायचंय" म्हणा आणि खरोखर रात्री जा. नाहीच ऐकलं तर जागा बदला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे सल्ला मिळतो आणि तक्रारही सांगता येते.

प्रश्न : आजोबांना पुढच्या सोमवारी सेंटरमध्ये नेतोय. बॅगेत काय काय द्यावं?
— नातसून, पंचवटी

उत्तर : पुढून उघडणारे सदरे, नाडीऐवजी इलॅस्टिकचे पायजमे, स्वेटर आणि कानटोपी दोन-दोन (डिसेंबरचं नाशिक आहे), मागून बंद होणारी चप्पल. सगळ्यावर मार्करने नाव. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : कोणत्या कानाने ऐकू येतं, चहात साखर किती, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. तो कागद उशापाशी चिकटवा.

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी, तिघांच्या डब्यांवरही नाव घाला. आमच्या वॉर्डात एकदा दोन आजोबांच्या कवळ्या धुताना अदलाबदल झाली. एक म्हणायचे, भाकरी कडक आहे. दुसरे म्हणायचे, सिस्टर, आज माझं तोंड मोठं झालंय. दोन दिवस आम्ही भाकरी बदलत होतो.